एकतीस दुरुस्त्या

तेराव्या खेपेला पेटीनं उज्ज्वलाबाईंना खोटं पाडलं, तेव्हा त्यांनी वाद घालणं सोडून दिलं.

निमित्त साधंच होतं. गच्चीवरच्या टाकीची मोटर सकाळभर चालू राहिली आणि पाणी जिन्यावरून वाहत खालच्या मगदुमांच्या दारात गेलं. मनोहरराव म्हणाले, "तू बंद करते म्हणाली होतीस." उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "मी नाही, तुम्ही म्हणालात." लेक गौतमी कोचीहून नेहमीप्रमाणे भिंतीवरच्या पडद्यात हजर होती. ती म्हणाली, "भांडता कशाला? पेटीला विचारू." घरातलं सगळं बोलणं टिपून ठेवणाऱ्या पेटीनं सकाळी सात वाजून बावीस मिनिटांची नोंद ऐकवली. आवाज उज्ज्वलाबाईंचाच होता, त्यातल्या जराशा घोगरेपणासकट. "राहू द्या, मोटर मी बंद करते."

मनोहररावांनी हात पुढे करून बायकोच्या हातावर हलकेच थोपटलं.

"आई, हे तेरावं," गौतमी म्हणाली.

"मोजतेयस वाटतं."

"मी नाही गं. पेटी मोजते."

"बरी आहे. सासूबाई गेल्यापासून माझ्या चुका मोजणारं घरात कोणी उरलं नव्हतं."

गौतमी हसली नाही. "सोमवारी दहा वाजता पडताळणी आहे. डॉक्टर पेटीच्या नोंदी बघतील. मी बाबांशी सगळं बोललेय. तू घाबरू नकोस."

बाबांशी बोललेय. माणूस समोर बसलेलं असताना त्याला वगळून असं कोणाबद्दल बोलतात? लहान मुलाबद्दल, नाहीतर आजाऱ्याबद्दल. उज्ज्वलाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांची स्मृती-पडताळणी सुरू होऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. ज्याच्या घरून तक्रार जाईल त्याला बोलावणं येई. त्यात जो नापास ठरेल त्याची सही एकट्याची चालत नसे. आणि ज्याच्या विसरण्यानं दुसऱ्याच्या जिवाला धोका झाला असेल, त्याला निवासात हलवत. उज्ज्वलाबाईंसाठी गौतमीनं पुण्यातला एक निवास बघून ठेवला होता. खिडकीतून टेकडी दिसणारी खोली, सकाळ-संध्याकाळ परिचारिका, आणि मनोहररावांना दर रविवारी भेटीची मुभा. सत्तावन्न वर्षांच्या संसारानंतर रविवार.

आणि हे सगळं कोणाच्या वाट्याला, तर मिरजेच्या ट्रंक एक्स्चेंजवर पंधरा वर्षं बसलेल्या बाईच्या! एकोणीसशे ब्याऐंशी साली त्या तिथं लागल्या तेव्हा समोर भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या आणि कानावर जड हेडफोन. लोक नंबर सांगतच नसत. "जरा आमच्या पुण्याच्या साडूंना लावता का," एवढंच म्हणत, आणि पोरी लावून देत. सहाशे नंबर तोंडपाठ होते त्यांना. नुसत्या श्वासावरून त्या माणूस ओळखत. अडत बाजारातले शेटजी बोलण्याआधी खाकरत, मिशन हॉस्पिटलातल्या मेट्रन घाईत अर्धंच नाव सांगत. कुठल्या घरी मरणाचा निरोप गेला आणि कुठल्या घरी पेढे वाटायचा, हे गावाआधी त्यांना कळे आणि त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडत नसे. ते एक्स्चेंज गेलं, बोर्ड भंगारात गेला, नंबर मात्र डोक्यात राहिले. अजूनही भाजी चिरताना एखादा उगाच वर येई.

आणि आपण स्वतः काय बोललो, ते मात्र लक्षात राहीनासं झालं? हाताला भास होत नाही, डोळ्याला होत नाही, मग नेमका स्वतःच्या बोलण्याचाच कसा होतो?

म्हणून शुक्रवारी त्यांनी वही काढली. मनोहरराव चारला वाचनालयात गेले की सहापर्यंत येत नसत. उज्ज्वलाबाई पेटीसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या तेराही चुका ऐकव. नुसती वाक्यं नकोत. मागची-पुढची पाच-पाच मिनिटंसुद्धा."

पेटी म्हणजे चपलांच्या खोक्याएवढी एक करडी वस्तू. घरातल्या नेटवर्कवर बसलेली, पोटात दोन डिस्का. खोल्यांमधले बारीक माइक दिवसभर ऐकत आणि ऐकलेलं सगळं तिच्यात साठत जाई. अशी पेटी आता घरोघरी होती. पण घर म्हणजे काही स्टुडिओ नव्हे. कुकर शिट्ट्या मारतो, मिक्सर ओरडतो, दोन माणसं एकदम बोलतात. म्हणून पेटीला डागडुजी शिकवलेली असे. अर्धवट ऐकू आलेलं वाक्य ती त्या माणसाच्या आवाजात पुरं करी. तिच्याकडून चूक झालीच, तर घरातलं कोणीही तिला सांगू शके की हे अमक्यानं नव्हे, तमक्यानं म्हटलं. मग ती नोंद पुन्हा विणून ठेवी, शिवण दिसू न देता. ही सोय चांगल्या हेतूनं केलेली होती. अशा बहुतेक सोयी चांगल्या हेतूनंच केलेल्या असतात.

उज्ज्वलाबाई एक्स्चेंजच्या सवयीनं लिहीत गेल्या: वेळ, कोण, कोणाला, मागे कसला आवाज. सहावी नोंद लागली आणि त्यांची पेन्सिल थांबली.

ही सगळ्यांत वाईट होती. श्रावणातला दुसरा बुधवार, दुपारी एक वाजायला दहा कमी. "अहो, सकाळची रक्तदाबाची गोळी घेतलीच नाहीत तुम्ही. ही घ्या." सकाळची गोळी मनोहररावांनी घेतलेली होती. ही दुसरी. चार वाजता ते न्हाणीघराच्या दारात कोसळले आणि शनिवार सकाळपर्यंत दवाखान्यात राहिले. ते घरी आले त्या संध्याकाळी, तातडीनं आलेल्या गौतमीनं पेटीला विचारलं होतं आणि पेटीनं सर्वांसमोर ते एक वाक्य ऐकवलं होतं. उज्ज्वलाबाईंनी ते उभ्यानं ऐकलं. पुन्हा ऐकायचा धीर त्यांना झाला नव्हता. आपल्या हातून नवरा मरता मरता राहिला, एवढं त्यांना पुरेसं होतं. पडताळणीची तक्रार गेली होती ती याच्यावरूनच.

आज त्यांनी मागचं-पुढचं ऐकलं. वाटीवर पळी आपटल्याचा आवाज. ताट सरकवल्याचा. मनोहररावांचं भुरका मारून आमटी पिणं. आणि या सगळ्यामध्ये त्यांचा स्वतःचा आवाज, स्वच्छ, ठणठणीत.

जेवण चाललं होतं. चातुर्मास होता.

चातुर्मासात उज्ज्वलाबाई जेवताना बोलत नसत. ताट वाढलं की तोंड बंद, ते हात धुवेपर्यंत. मीठ हवं असेल तर बोटानं दाखवायचं, कोणी आलं तर मान हलवायची. फोन वाजला तर मनोहरराव उचलत. हा नेम त्रेचाळीस वर्षं चालू होता. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या आषाढात आयटीआयच्या वर्गात शिकवताना मनोहररावांना विजेचा जबर धक्का बसला होता आणि नऊ दिवस ते शुद्धीवर नव्हते. दवाखान्याच्या बाकावर बसून उज्ज्वलाबाईंनी हा नेम बोलला होता. दहाव्या दिवशी मनोहररावांनी डोळे उघडले. त्यानंतर एकही घास उज्ज्वलाबाईंनी चातुर्मासात बोलत खाल्ला नाही. गौतमीच्या लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा व्याह्यांसमोर त्या नुसत्या हसत जेवल्या होत्या.

म्हणजे हे वाक्य त्यांनी म्हटलेलं असणं शक्यच नव्हतं.

त्यांनी पेटीला विचारलं, "या नोंदीत कोणी दुरुस्ती केली आहे का?"

"ही नोंद अखेरच्या रूपात आहे," पेटी म्हणाली.

"ते नाही विचारलं मी."

"ही नोंद अखेरच्या रूपात आहे."

उज्ज्वलाबाईंना पहिल्यांदा आठवली गौतमी. पेटी तिनंच बसवली होती, तिच्याकडे तिच्या किल्ल्या होत्या, आणि निवासही तिनंच शोधला होता. पोटच्या पोरीबद्दल असं मनात आल्याची त्यांना शरम वाटली, पण विचार गेला नाही. दुसरं कोण करणार? मनोहररावांची एक शिकवण त्यांना पाठ होती. वर्गात ते पोरांना सांगत, यंत्राला त्याच्याबद्दलच विचारत बसू नका, उघडून बघा. त्यांनी पेटीचं पुढचं झाकण काढलं, खिट्टी दाबली आणि एक डिस्क ट्रेसकट बाहेर ओढली. दोन्ही डिस्कांवर सारखंच लिहिलेलं असतं, एक निघाली तरी दुसरीवर काम चालतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. पेटीवर लाल दिवा लागला. डिस्क दुपट्ट्यात गुंडाळून त्या रिक्षात बसल्या आणि फोन वाजलाच.

"आई, पेटीतून डिस्क निघाल्याचा निरोप आलाय मला. हात लावलास का तू?"

"लावला."

"का पण? अगं, सोमवारी डॉक्टर हेसुद्धा बघणार. विसरभोळ्या माणसांनी वस्तू उघडून ठेवणं हेही त्यात मोजतात."

"मोजू दे," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मिरजेच्या सतारमेकर आळीच्या तोंडाशी शमीम मुजावरचं दुरुस्तीचं दुकान होतं. शमीम साठीला आली होती. मनोहररावांची ही विद्यार्थिनी. नव्व्याण्णवच्या त्या वर्गात ती होती, आणि सर बाकाला चिकटून थरथरत असताना बाकीची पोरं किंचाळत पळाली तेव्हा मेन स्विच पाडला होता तो तिनं. दर दिवाळीला ती फराळ न्यायला आणि ईदेला शीरखुर्मा द्यायला घरी येई.

"काकू, तुम्ही एकट्या? सर?"

"सरांना सांगायचं नाही. ही वाचून दे."

शमीमनं डिस्क उलटसुलट करून पाहिली आणि टेबलावरचा डॉक पुढे ओढला. टोस्टरसारखा दिसणारा ठोकळा, वर एक खाच. तिनं खाचेत डिस्क उभी बसवली, मागची यूएसबीची तार संगणकाला जोडली. आत काहीतरी गरगरायला लागलं. मग पडद्यावर पाटी आली: ही डिस्क वाचता येत नाही. वापरण्यासाठी फॉरमॅट करायची का?

"बिघडली?" उज्ज्वलाबाईंनी विचारलं.

"नाही ओ. इथंच लोक 'हो' म्हणून बसतात आणि सगळं धुऊन जातं. तुमच्या पेटीची लिहायची तऱ्हा निराळी आहे, या संगणकाला ती येत नाही. मोडी वाचता येत नाही म्हणून लोकांनी आज्याची कागदं रद्दीत घातली की नाही, तसं." तिनं पाटी बंद केली, तार काढली आणि खणातून एक जुना, कडा झिजलेला लॅपटॉप काढला. "याला येते. आणि नुसतं वाचायचं असं बजावते त्याला. एक अक्षर लिहिणार नाही तुमच्या डिस्कवर."

लॅपटॉपवर फोल्डर उघडले. शमीम बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "काकू, दरसाल दिवाळीला भिंतीवर रंगाचा हात फिरवतो आपण. कधी खिळा ठोकला की पोपडा पडतो, आणि खाली आधीचा निळा दिसतो, त्याच्या खाली पिवळा. तसं आहे हे. पेटी जुन्यावर नवं लिहीत नाही. नवं शेजारी लिहिते आणि वाट तिकडं वळवते. रोज पहाटे सगळ्या वाटांचा एक नकाशा काढून ठेवते, काही बिघडलं तर मागं फिरता यावं म्हणून. घरात विचारलं तर ती आजचा नकाशा दाखवते. आपण बाहेरून वाचतोय, आपल्याला सगळे दिसतात. दोन वर्षांचे आहेत हितं. कुठला दिवस हवाय?"

"श्रावणातला दुसरा बुधवार. त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पहाटेचा नकाशा घे. एक वाजायला दहा कमी."

शमीमनं लावलं. तीच पळी, तेच ताट. मग मनोहररावांचा आवाज, स्वतःशीच बोलल्यासारखा: "सकाळची गोळी घेतली का मी? नसेल घेतली." पाकिटाची चुरचुर. पाणी प्यायल्याचा घुटका. नंतर स्वयंपाकघरातून येणारी पावलं, भात वाढल्याचा आवाज, आणि उज्ज्वलाबाईंच्या बांगड्या. बाकी शांतता. ती शांतता उज्ज्वलाबाईंनी स्वतःच्या आवाजासारखी ओळखली.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास आला. मी नाही दिली. मी नाही.

"आता कोणी बदललं ते बघ. कोचीहून असेल."

शमीमनं नंतरचा नकाशा लावला, दोन्ही ताडून पाहिले. "कोचीहून नाही, काकू. घरातूनच सांगितलंय. तोंडी. पेटी दिवसभर ऐकतेच ना, तर तेही ऐकून ठेवलंय तिनं." ती थांबली. "लावू?"

"लाव."

शनिवार, अकरा वाजून दहा मिनिटं. ते दवाखान्यातून घरी आले त्या दिवशीची वेळ. अकराला उज्ज्वलाबाई रोज भाजीला जात. "पेटी, दुरुस्ती," मनोहरराव म्हणाले. "बुधवारची दुपार. गोळीचं मी नाही बोललो. तिनं दिली. ती म्हणाली, घेतली नाहीत तुम्ही, ही घ्या." पेटी म्हणाली, नोंदीतला आवाज तुमच्या आवाजाशी जुळतो. "भांड्यांचा गोंगाट होता. तुझी चूक झाली. ती म्हणाली." दुरुस्ती झाली आहे, पेटी म्हणाली.

दुकानाबाहेर कोणी तरी सतारीची तार लावून बघत होतं. एकच सूर, वर, खाली, परत.

"किती आहेत अशा?"

"एकतीस. घरात विचारणा झाली ती त्यातल्या तेरांचीच."

पहिली दोन वर्षांपूर्वीची होती, दाराला लावून ठेवलेल्या किल्लीबद्दल. "किल्ली मी नाही विसरलो," एवढंच ते बोलले. पेटीनं विचारलं, मग कोण? "ती," मनोहरराव म्हणाले. आवाज कापत होता. दुसऱ्या वेळी कमी कापला. सातव्या-आठव्या दुरुस्तीपासून ते दूधवाल्याला उद्याचं सांगावं तसं बोलत होते. घर सोडून जावं लागेल ही भीती त्यांना आधी शिवली होती, हे उज्ज्वलाबाईंच्या ध्यानात आलं. आणि भीतीनं हात पुढे केल्यावर हाताला जे सगळ्यांत जवळ लागलं, ते त्यांनी पुढे ढकललं होतं.

"अजून एक आहे," शमीम म्हणाली. ती वर बघत नव्हती. "दुरुस्ती नाही ही. पंधरा दिवसांमागचं आहे. नका ऐकू, काकू."

"लाव, शमीम."

"पेटी," मनोहरराव विचारत होते, "श्रावणात मला ती गोळी कोणी दिली होती गं?" पेटीनं उज्ज्वलाबाईंचं ते वाक्य ऐकवलं. मग मनोहररावांचा उसासा, अगदी खरा. "बिचारी. कसली हुशार बाई होती. तिला सांभाळलं पाहिजे."

शमीमनं डोळे पुसले. "सरांना ठाऊकच नाही आता, काकू. आपण केलं हे त्यांना आठवतच नाही. पेटी सांगते तेच खरं धरून बसलेत ते."

उज्ज्वलाबाई रडल्या नाहीत. पेनड्राइव्हवर नकला घेतल्या, डिस्क पुन्हा दुपट्ट्यात गुंडाळली. "सोमवारी दहाला पडताळणीच्या डॉक्टर नलवड्यांकडे येशील? हा टोस्टर घेऊन?"

"सरांच्या विरुद्ध?" शमीम म्हणाली, आणि मग खाली मान घालून, "येते."

घरी मनोहरराव वर्तमानपत्र पसरून मटार सोलत होते. मार्गशीर्षातला कोवळा मटार. समोर बसून उज्ज्वलाबाईंनीही चार शेंगा घेतल्या.

"अहो, एक विचारू? चातुर्मासात मी जेवताना का बोलत नाही?"

त्यांनी मान वर केली, हसले. "बोलतेस की. चांगली चुरूचुरू बोलतेस."

"आठवून बघा. नव्व्याण्णव साल. मिशन हॉस्पिटल."

"तुला काय झालं होतं तेव्हा?"

उज्ज्वलाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. ते नऊ दिवस त्यांच्या दोघांचे होते असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. आता ते एकट्या त्यांचेच उरले होते.

त्यांनी पेनड्राइव्ह लावला आणि ऐकवलं. गोळी, किल्ली, मोटर. मनोहररावांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, एका हातानं मटाराचे दाणे चाळवत.

"आवाज माझाच आहे," ते शेवटी म्हणाले. "पण हल्ली असा बनवता येतो, उज्ज्वला. कोणी करून दिलं तुला हे? शमीमनं?"

"तुम्ही बनवलंत. माझा आवाज तुम्ही बनवलात."

"मी कशाला बनवू?" ते खरोखर गोंधळले होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर ती माया आली, जी गेलं वर्षभर उज्ज्वलाबाईंना सोसवत नव्हती. "ऐक माझं. हे सोमवारी डॉक्टरांना दाखवू नकोस. घरच्या माणसांचा संशय येणं हेही लक्षण असतं, म्हणाल्यात त्या. तुझं नुकसान होईल."

भांडावं तर कोणाशी? ज्यानं दगा दिला तो माणूस तिथं नव्हताच. समोर बसलेला हा दुसराच कोणी तरी होता, त्याला त्यांची काळजी होती, आणि त्याचे हात मात्र त्यांच्या नवऱ्याचे होते.

शनिवारी त्यांनी गौतमीला सगळं पाठवलं. तिचा फोन तासाभरानं आला. ती रडून मग बोलत होती हे कळत होतं.

"आई, सोमवारी नको ना हे काढू. आधी तुझं पार पडू दे, मग बघू आपण सावकाश. बाबांना पुण्याला पाठवतील गं. ते तुझ्याशिवाय एक दिवस राहायचे नाहीत."

"आणि मला पाठवायचं ठरलं तेव्हा हे सुचलं होतं का तुला?"

पलीकडे नुसता श्वास. उज्ज्वलाबाईंनी तो ओळखला. लहानपणी काही फोडल्यावर गौतमी असाच श्वास घ्यायची.

"मीही तुझ्यावर संशय घेतला होता एक दुपार," त्या म्हणाल्या. "तेव्हा आपली फिट्टंफाट झाली. जेवलीस का?"

सोमवारी डॉक्टर नलवडे आधी उज्ज्वलाबाईंकडे वळल्या. वार, तिथी, उलटे आकडे, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी परत. उज्ज्वलाबाईंनी पाचही सांगितले आणि वर म्हणाल्या, "याहून अवघड विचारा. ब्याऐंशी सालचा तुमच्या या दवाखान्याचा नंबर विचारा." डॉक्टरांना हसू आलं. मग उज्ज्वलाबाईंनी डिस्क टेबलावर ठेवली आणि शमीमनं डॉक जोडला.

ऐकताना डॉक्टरांनी दोनदा थांबवलं, शमीमला बारीकसारीक विचारलं. कुठला थर कधीचा, तो मागाहून घालता येतो का, पेटीतल्या दुसऱ्या डिस्कवर हेच आहे का. शमीमनं उत्तरं दिली, सरांनी वर्गात शिकवलं होतं तशी, एकेक, न घाई करता. मनोहरराव आपल्या विद्यार्थिनीकडे कौतुकानं बघत होते.

"आता सर, तुम्हाला थोडं विचारते," डॉक्टर म्हणाल्या. "कोणता महिना चालू आहे?"

मनोहररावांनी बायकोकडे पाहिलं.

असं ते नेहमीच बघत, हे उज्ज्वलाबाईंना त्या क्षणी कळलं. लग्नकार्यात, बँकेत, मगदुमांशी बोलताना. नाव अडलं, गाव अडलं, की नजर इकडे येई आणि त्या ओठांच्या हालचालीनं, नाहीतर नुसत्या भुवईनं सांगून टाकत. कधीपासून, ते त्यांनाही आठवेना. आपणच त्यांचं पांघरूण होतो. त्यांना आणखी कोणतं पांघरूण हवं होतं?

मनोहरराव वाट बघत होते. उज्ज्वलाबाईंनी मान वळवून खिडकीकडे पाहिलं. बाहेर नळावर दोन बायका कळशी लावून बोलत होत्या. त्या तिकडेच बघत राहिल्या.

"उज्ज्वला," ते हळूच म्हणाले.

त्यांनी मान वळवली नाही.

"श्रावण," मनोहरराव म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तू असं करशील असं वाटलं नव्हतं मला."

पुढचे प्रश्न लवकर संपले. डॉक्टरांनी दोन कागद पुढे केले. पुण्याचा निवास, किंवा घर आणि घरच्यांची देखरेख. "देखरेख घेतलीत तर पेटीत त्यांच्या बोलण्यात दुरुस्ती करायचा अधिकार तुमच्याकडे येतो," त्या म्हणाल्या. "घाई नाही. विचार करून सांगा. झालंय ते लहान नाही."

"दुरुस्तीचा अधिकार काढून टाका. कोणालाच नको," उज्ज्वलाबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या कागदावर सही केली. त्यांची सही, एकटीची, चालत होती. "ते घरी राहतील. बाकीचं माझं मी बघेन."

"तुम्ही त्यांना माफ..."

"ते त्या कागदात नाही ना?"

"नाही."

"मग राहू दे."

शमीम डॉक पिशवीत घालून दाराशी उभी होती. सरांच्या पाया पडायला वाकली, पण ते तिच्याशी बोलले नाहीत. कोण होती ही मुलगी, असं मात्र त्यांनी बाहेर आल्यावर विचारलं.

रिक्षात दोघं शेजारी बसले. स्टेशनच्या चौकात सिग्नल लागला तेव्हा मनोहररावांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा सगळा ताण गेला होता, राग पुसला होता, अगदी लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत एक्स्चेंजच्या फाटकाशी घ्यायला येत तसे ते दिसत होते.

"झाली का तुझी पडताळणी?"

"झाली."

"पास ना?"

"पास."

"बघ," ते म्हणाले, आणि आनंदानं त्यांचा हात हातात घेतला. "मी सगळ्यांना सांगत होतो. गौतमीला, डॉक्टरांना. म्हटलं, माझी बायको काही म्हणजे काही विसरत नाही."

उज्ज्वलाबाईंनी हात सोडवला नाही, धरलाही नाही.

"नाही विसरत," त्या म्हणाल्या, आणि रिक्षावाल्याला डावीकडे वळायला सांगितलं.